वादळातली उचल

नवलाईवाडी, पो. मालगुंड
ता. ४ नोव्हेंबर

सौ. बकुळा हिला,

नमस्कार वगैरे लिहिणार होतो, पण आधी तक्रार. तू माझा फोन उचलत नाहीस. चिमाच्या फोनवर केला तर तुझी ही धाकटी बहीण म्हणते, "भावोजी, ती आंघोळीला गेलीय." जेव्हा करावा तेव्हा तू आंघोळीलाच. पोफळीला पाणी मुबलक आहे, धरणाचंच आहे, मान्य. पण म्हणून माणसाने किती आंघोळ करावी? तेव्हा आता कागद. फोन कापता येतो. कागद कापायला कात्री लागते, आणि चिमाच्या घरात कात्री कधी जागेवर सापडत नाही हे तूच मला सांगितलं आहेस.

मी मजेत आहे. वादळाला आता आठवडा झाला. घराची कौलं सरकली होती ती बसवून घेतली. बंदरावरच्या आपल्या दुकानाचे पुढचे पत्रे उडाले, तेवढंच. लोकांच्या मानाने काहीच नाही. माडाच्या झावळ्या एवढ्या पडल्यात की पुढची दोन वर्षं कोणाला झाडू विकत घ्यायला नको.

आता तू ज्यावरून गेलीस त्याबद्दल. तुला सगळं ठाऊक आहे, पण तू हे पत्र चिमाला मोठ्याने वाचून दाखवणार आणि तिच्या डोक्यात मी सावकार आहे, म्हणून तिच्यासाठी लिहितो. मी दोर, जाळी आणि इंजिनाचं ऑइल विकतो. त्याच्या जोडीला उचल देतो. मासळी कंपनीत काम करणाऱ्या बायका, होड्यांवरचे खलाशी, यांच्या हाती दहा तारखेला पगार येतो आणि वीस तारखेला तो संपलेला असतो. मग ते माझ्याकडे येतात. मी पुढच्या पगारापर्यंत पैसे देतो आणि पगार झाला की शेकड्यामागे पाच रुपये वर घेतो. बँक त्यांना दारात उभं करत नाही. मी बाकड्यावर बसवतो, चहाही देतो. चहाचे पैसे आजवर कोणाकडून घेतले असतील तर चिमाने सांगावं.

वादळानंतर पाचाचे दहा केले. केले. त्याला कारणं आहेत, आणि सगळीच कारणं बायकोला सांगायची नसतात. त्यावर तू भर दुकानात काय बोललीस ते मला अजून ऐकू येतं. "वादळात सापडलेल्या मानसाकडना धा रुपये घेनाऱ्याच्या घरात मी चूल पेटवनार नाय. दर खाली येल तवा मी पन येन." एवढं बोलून पिशवी भरलीस आणि चिपळूणच्या एसटीत बसलीस. कंपनीतली निशिगंधा तिथेच उभी होती, उचल मागायला आलेली. तिला काय वाटलं असेल याचा तरी विचार करायचा.

आणि निशिगंधाच्या शिलाई मशीनवरून तू जो माझ्याकडे बघितलंस, त्याचंही सांगतो. तिचं अर्धं छप्पर गेलंय, कबूल. वीज नाही म्हणून कंपनी बंद आहे, तेही कबूल. पत्र्यांसाठी तिला पैसे हवे होते, ते मी दिले. मशीन तिने आपण होऊन आणून ठेवलं. मी मागितलं नव्हतं.

चूल मी पेटवतो आहे. भात होतो. खालून लागतो, वरचा चांगला असतो. कुळथाचं पीठ कुठे ठेवलं आहेस तेवढं कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
भिवा


ता. ११ नोव्हेंबर

बकुळा,

कुळथाचं पीठ सापडलं. तांदळाच्या डब्यात कुळीथ ठेवणारी बाई जगात एकच असेल. पिठी केली. गुठळ्या झाल्या, पण गुठळ्यांनाही चव असते हे मला या वयात कळलं.

आज पत्र लिहायचं नव्हतं. तू उत्तर देत नाहीस तर मी का लिहावं, असं दोन दिवस मनात चाललं होतं. पण काल जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापूर्वी माझ्याकडून कळलेलं बरं. गोदूबाईने फोन केला असेल तर तो खोटा समज. ती वाढवून सांगते.

काल सोमवारी नवलाईच्या देवळात गाऱ्हाणं होतं. वादळातून जीव राखला म्हणून देवीचे पाय धरायचे, असं वाडीने ठरवलं. चिमाला धरणाच्या कॉलनीत राहून विसर पडला असेल, म्हणून तिच्यासाठी: मानकऱ्याने सगळ्या वाडीच्या वतीने देवीला सांगणं घालायचं, आणि प्रत्येक वाक्य संपलं की आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवी बाई आहे, तरी म्हाराजाच. लहानपणी मी याबद्दल विचारलं होतं आणि आजोबांनी कानफटात दिली होती. तेव्हापासून मी फक्त "व्हय म्हाराजा" म्हणतो, विचारत काही नाही.

मानकरी म्हणजे आपला केरू. माझ्याबरोबर शाळेत होता, चौथीपर्यंत माझंच बघून गणितं लिहायचा. तर केरू हात जोडून उभा राहिला. मी नेहमीप्रमाणे पुढे. आवाज माझा मोठा आहे, तू त्याला भोंगा म्हणतेस.

"बाय नवलाय, आज तुजी लेकरा तुज्या पायाशी येक झालीत," केरू म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

"दर्यान झोडपला, वाऱ्यान उडवला, पन येकाचाव जीव तू जाव दिलास नाय."

"व्हय म्हाराजा."

"ज्याची होडी फुटली त्याची होडी उभी कर. ज्याचा छप्पर गेला त्याच्या डोक्यावर छप्पर दे."

"व्हय म्हाराजा." हे मी मनापासून म्हटलं, खरंच सांगतो. किनाऱ्यावर उताण्या पडलेल्या होड्या तूही बघून गेलीस.

"आनि वादळात सापडलेल्याला जो कोन उचल दील, त्यान शेकड्याला दोनाच्या वर घेव नये, व्याजावर व्याज लावू नये, त्याची हत्यारा गहान ठेवू नयेत."

"व्हय म्हाराजा."

बकुळा, सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. देवळाच्या छपरावरचे कावळे उठले. केरू थांबला. एरवी तो थांबत नाही, पुढचं वाक्य लगेच येतं. तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसलो. मागे वळून बघितलं तर सगळी वाडी माझ्याकडे बघत होती आणि कोणी हसत नव्हतं. हसली ती एकटी तुमच्या बचत गटाची गोदूबाई, आणि तीसुद्धा पदर तोंडाला लावून.

मी तोंडघशी पडलो आहे. पण हे बंधनकारक नाही. तोंडाची सवय ती. एवढ्यावरून कोणी माझा दर ठरवू शकत नाही. उद्या केरूला गाठतो.

आणखी एक. केरूला दोन हा आकडा सुचला कुठून? त्याला आकडे सुचत नसत. तुमच्या बचत गटाचा दर दोन आहे. मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो.

भिवा


ता. १४ नोव्हेंबर

बकुळा,

केरूला गाठलं. तो फुटक्या होडीला फळ्या मारत बसला होता. मी म्हटलं, "केरू, त्या व्हय म्हाराजाला काय अर्थ नाय. सवयीन बोलला मी."

"सवयीन बोललास?"

"सवयीन."

त्याने तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. भांडायला तयार होऊन गेलो होतो, पण तो भांडलाच नाही. म्हणाला, "मंग पुढल्या सोमवारी परत गाऱ्हाना घालताव. त्या वाक्याला आमी सगली गप ऱ्हाताव. तू येकटा बोल, नाय म्हाराजा. देवीला पन कलूदे, आमाला पन कलूदे. मंग तुजा दर तुला."

याहून सरळ काय असणार? मी हो म्हटलं, त्याच्याकडून विडी घेतली, आणि आम्ही जुन्या गोष्टी काढत बसलो. त्याची होडी महिनाभरात पाण्यात जाईल असं दिसतंय. छान फळ्या मिळाल्यात त्याला.

आता अडचण निराळीच आहे. "नाय म्हाराजा" हे तोंडात बसत नाही. दुकानात कोणी नसताना म्हणून बघितलं. "नाय" म्हणतो आणि पुढचं "म्हाराजा" आपोआप खाली उतरतं, लाजल्यागत. आजवर हे दोन शब्द कोणी एकत्र म्हटलेलेच नाहीत, तर ते जिभेवर यावेत कुठून. गोदूबाई सुतळी घ्यायला आली तेव्हा मी सराव करत होतो. ती दारातच उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "भिवा, घसा बसलाय काय? मध घे." मध खरंच आणून दिला संध्याकाळी. बरा आहे.

निशिगंधा येऊन गेली. दहा तारीख गेली आणि पगार नाही, कारण कंपनीच उघडलेली नाही. माझ्या हिशेबाने आता तिच्यावर दहाचे पुढचे दहा चढायचे. ते सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात तीच बोलली. "काका, शाळेचे गणवेश शिवायचा काम आलाय. वादळात पोरांचे कपडे गेलेत ना. मशीन असता तर दोन आठवड्यात तुमचे पैसे दिले असते." रागाने नाही बोलली. हिशेब सांगावा तसं बोलली. मशीन माझ्या काउंटरखाली होतं, त्यावर मी सुतळीचे गुंडे ठेवले होते. ते माझ्याकडे राहून मलाही एक पैसा मिळवून देत नव्हतं आणि तिलाही नाही. हे गणित केरूलासुद्धा सुटलं असतं.

बरं, मशीन मी मागितलं होतं. "काहीतरी ठेव" असं म्हटलं होतं. तू ऐकलंच असशील, म्हणून तर तसं बघितलंस.

बाकी ठीक. शहरातून एक माणूस आला होता, कामाचा. चहा पिऊन गेला. तुझ्या ओळखीचा नाही.

समुद्र शांत आहे. काल संदेश तांडेलाच्या होडीने पहिली खेप मारली आणि वाडीभर बांगडे वाटले. मी तळले. करपले, पण पोटभर खाल्ले. तुझ्या वाट्याचे दोन शेजारी दिले.

भिवा


ता. १८ नोव्हेंबर

बकुळा,

आज निवांत बसून लिहितो आहे. मन हलकं आहे, का ते सांगतो.

काल देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी गाऱ्हाण्याला न येणारेही आले होते. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री मीच केली, म्हणजे कॉलर तेवढी नीट झाली. केरूने सुरुवात केली, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत गेले, मीही म्हणत गेलो. मग ते वाक्य आलं. उचल देणाऱ्याने शेकड्याला दोनाच्या वर घेऊ नये, व्याजावर व्याज नको, हत्यारं गहाण नकोत. आणि सगळे गप्प झाले.

देवळात लाटांचा आवाज येत होता. समईची वात चुरचुरत होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, देवीसुद्धा. मी तोंड उघडलं. "ना" पर्यंत आलो. आणि बकुळा, मला नाही जमलं. भीती वाटली म्हणून नव्हे. माझ्या लक्षात आलं की "नाय" म्हणून घरी गेलो तर उद्या दुकानात येईल त्या प्रत्येकाला बाकड्यावर बसवताना मला खाली बघावं लागेल. मला लोकांच्या तोंडाकडे बघून चहा पाजायची सवय आहे.

पण एकदम "व्हय" म्हणेन तर मी दुकानदार कसला. मी म्हटलं, "केरू, किती दिवस?"

गाऱ्हाण्यात असं मध्येच कोणी विचारत नाही. केरू गडबडला, पण मानकरी आहे, सुरात सांभाळून घेतलं. "ज्याचा त्याचा पयला पगार हातात येयपर्यंत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एकट्यानेच.

"आनि वादळातला कोन, ह्ये कोन ठरवनार? उद्या सगलेच बोलतील."

केरूने देवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जो हयसर उभा ऱ्हावून आपल्या तोंडान बोलेल, मी वादळातला, तो."

परत हात जोडले. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग सगळी वाडी म्हणाली, आणि या खेपेला कावळे उठले ते माझ्या एकट्यामुळे नव्हे.

मग एकेक जण पुढे आला. निशिगंधा म्हणाली, तिचा नवरा ओमकार म्हणाला, तांडेल म्हणाला. ताठ मानेची माणसं, पण देवीसमोर म्हणताना कोणाला लाज वाटली नाही. गणपतीपुळ्याहून एक लॉजवाला आला होता, त्याचं बुकिंग रद्द झालं होतं म्हणे. तोही म्हणाला, "मी वादळातला." गोदूबाईने त्याला विचारलं, "तुज्या लॉजात एसी चालू हाय ना? मंग घरी जावन गार वाऱ्यात बस." लोक हसले आणि तो स्वतःही हसत मागे गेला. तेव्हा ज्याला ते वाक्य शोभत नाही त्याच्या तोंडात ते टिकत नाही, असं दिसलं.

शेवटी केरू माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस? माजे चारच पत्रे गेलेत." आणि चपला शोधायला बाहेर आलो.

देवळातून सरळ दुकानात गेलो, मशीन काढलं आणि डोक्यावर घेऊन निशिगंधाच्या घरी नेलं. तिने पुसलं, तेल दिलं, आणि माझ्यासमोर बसून पहिली शिवण घातली. तिचा दर मी दोन केला, जुनं चढलेलं व्याज काढून टाकलं. निघताना तिने गरम भाकऱ्या बांधून दिल्या. आज सकाळी त्याच खाल्ल्या. मऊ होत्या.

तर दर खाली आला आहे. वाडीच्या देखत, देवीच्या देखत. तू म्हणाली होतीस, दर खाली येईल तेव्हा येईन. शब्द मी एकट्यानेच पाळायचा असतो का?

भिवा


ता. २१ नोव्हेंबर

बकुळा,

तुझं कार्ड आज आलं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच ओळ: "पाचाचे दहा का केले ते आधी कळवा. मग येते." मी ते चहाच्या कपाला टेकवून ठेवलं आहे आणि त्याच्यासमोर बसून लिहितो आहे.

तू दर खाली येण्यासाठी थांबली नव्हतीस, हे मला आज कळलं.

दुकानाचे पुढचे पत्रे गेले असं लिहिलं होतं. ते खरं आहे. मागची भिंतही गेली. पाणी मागून आत आलं आणि जाळी, दोर, फ्लोट, सगळा माल वाळूत लोळवून गेलं. ऑइलचे डबे पार गायवाडीच्या खडकांत सापडले, रिकामे. तू त्या सकाळी घरातली कौलं गोळा करत होतीस आणि मी तुला बंदरावर येऊ नको म्हटलं, रस्त्यात माड पडलेत म्हणून. माड एकच पडला होता. नंतर तू आलीस तोवर मी मागच्या बाजूला ताडपत्री बांधली होती.

लोकांना होड्या उभ्या करायच्या होत्या, त्यांना जाळी आणि दोर लगेच हवे होते. माझ्याकडे काही नव्हतं. मी रत्नागिरीला गेलो. तिथल्या एका शेटकडून पैसे घेतले आणि माल भरला. महिन्याला शेकडा आठ. आठने घेतल्यावर पाचने कसं द्यायचं? म्हणून दहा. लोभ नव्हता असं म्हणत नाही, दोन रुपये सुटावेत असं वाटलंच होतं. पण कारण ते होतं.

आता मी आठने घेतो आणि दोनने देतो. शेट आपल्या नवलाईचा नाही, त्याला कोणी गाऱ्हाण्यात बांधू शकत नाही. त्याचा माणूस दोनदा येऊन गेला. चहा पितो, गोड बोलतो, आणि म्हणतो की महिनाअखेर पैसे नाहीत तर दुकानाची चावी. मी त्यालाही बाकड्यावरच बसवलं. दुसरीकडे कुठे बसवावं तेच मला कळत नाही.

दर परत वर नेणार नाही. ते ठरलं. निशिगंधाचं मशीन रस्त्यापर्यंत ऐकू येतं. दुकानात बसलो की तो आवाज बरा वाटतो. पण दुकान माझ्या बापाने मांडलं, आणि तू माहेरून आलीस तेव्हापासून त्याची सांजवात तू लावलीस. ते जाईल या विचाराने रात्री उठून मी दोनदा कुलूप बघून येतो.

देवळात सगळे म्हणाले. माझ्या तोंडातून निघालं नाही. उचल देणारा माणूस उठून कसं म्हणणार? केरूला कळलं होतं, म्हणून तो बघत होता. तिथे जे म्हटलं नाही ते तुला लिहितो. बकुळा, मी वादळातला आहे. मला उचल हवी आहे.

कुठून, ते मला सुचत नाही. तुझ्या सोन्याला हात लावायचा नाही, तसं करशील तर मी मशीन नेलं तसं ते डोक्यावर घेऊन परत आणीन. काही सुचलं तर सांग. नाही सुचलं तरी ये. भात आता लागत नाही, जमला आहे मला. तू आल्याशिवाय तो एकट्याने खावासा वाटत नाही, एवढंच आहे.

तुझा,
भिवा


पोफळी
ता. २५ नोव्हेंबर

अहो,

तुमची सगळी पत्रं मिळाली. चिमाने प्रत्येक पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. तुम्ही सावकार नाही असं ती आता म्हणते. कात्री मात्र खरंच सापडली नाही.

केरूभावजींना दोन हा आकडा मीच सांगितला होता, एसटीत बसण्यापूर्वी. देवळात सगळ्यांत मोठ्याने व्हय कोण म्हणेल हेही सांगितलं होतं. मागची ताडपत्री मी बघितली होती. नवा माल कुठून आला असेल याचा विचार करत मी चार रात्री जागले, आणि तुम्ही मला पुढचे पत्रे सांगत होतात. दहा म्हणालात त्याचा राग आलाच. पण दुकान मोडलं आणि तुम्ही ते मला सांगितलं नाहीत, त्याने मी पोफळीला आले. आधीच बोलला असतात तर आले नसते. मग चिमाच्या हातची वालीची भाजीही खाल्ली नसती, तेव्हा त्याचं आता काही नाही.

उचलीचं झालं आहे. आमच्या गटाचे पैसे, ज्याला तुम्ही पापड मंडळ म्हणता. शेटचं सगळं फिटेल एवढे आहेत. दर दोन. तुम्ही दोनने घेणार आणि दोनने देणार, तेव्हा त्यात तुम्हाला सुटणार काही नाही. लोकांचे पगार होईपर्यंत नाही सुटलं तर काय बिघडतं? जाळी आणि दोर विकताच आहात.

गटाचा नियम तुम्हाला ठाऊक नसेल. पैसे ज्याच्यासाठी हवेत त्याचं नाव सभासद बाईने सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचं. मी चिमाच्या फोनवरून गोदूबाईला लावला. सगळ्या तिच्या ओटीवर बसल्या होत्या, फोन मोठ्याने लावलेला. गोदूबाईने विचारलं, "कोनासाठी?" मी म्हटलं, "आमच्या घरातल्यांसाठी." ती म्हणाली, "घरातले असा लिवता येत नाय बकुळा. नाव बोल."

लग्नाला एवढी वर्षं झाली, उखाण्याशिवाय मी तुमचं नाव कधी घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारणीला सांगायला लावते. उखाणा आठवून बघितला, तर एकही या कामाला चालेल असा नव्हता. त्यांत चांदीचं ताट आणि मोत्यांचं तोरण, आणि इथे तर भिंत पडलेली. चिमा कणीक मळायची थांबून माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "भिवा. तो वादळातला हाय."

पलीकडे कोणी हसलं नाही. गोदूबाईने विचारलं, "गहान काय?" मी म्हटलं, "काय नाय." मग तिने लिहून घेतलं आणि पैसे मोजायला घेतले.

गोदूबाई पैसे घेऊन येईल, ते शेटच्या माणसाला देऊन टाका. चहा पाजलात तरी माझी हरकत नाही. मी शनिवारी येते. चिपळूणहून गणपतीपुळ्याची दुपारची गाडी आहे. कॉलर इस्त्री केलेला तो शर्ट घालून मालगुंडच्या स्टँडवर न्यायला या. गर्दीत दिसला नाहीत, तर मी नावाने हाक मारीन.

बकुळा